बगॅसच्या ढिगावरची हाक

माझा आवाज मोठा आणि तोंड वाईट, अशी तक्रार माझ्याविरुद्ध कारखान्याच्या ऑफिसात दर हंगामाला जायची. तक्रार खरी होती. मी ती कधी नाकारली नाही. मला बोलावून घ्यायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, जरा सबुरीनं घ्या. मी म्हणायचो, सबुरीनं माणूस उठत नाही. त्या ढिगावरून माणूस उठवायला शिवीच लागते. माझ्या आयुष्यातला सगळा धंदा आणि त्या धंद्याचा शेवट या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आमचा साखर कारखाना सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर, कृष्णाकाठी. नाव सांगत नाही. अजून तिथल्या गेटसमोर मला चहा प्यायचा असतो. उसाचा रस काढून झाला की जे चिपाड भुशासारखं खाली पडतं त्याला बगॅस म्हणतात. हीच बगॅस बॉयलरला जळण म्हणून जाते, तिच्यावरच वीज तयार होते. हंगाम संपल्यावरही पुरावी म्हणून उरलेली बगॅस उघड्या मैदानात रचून ठेवतात. दोन-तीन मजली घराएवढा उंच ढीग आणि लांबी म्हणाल तर एका टोकाला उभ्या माणसाची दुसऱ्या टोकाला ओळख पटू नये. तो ढीग रचायचा, राखायचा आणि त्याला आग लागू द्यायची नाही, हा माझा ठेका. डोक्यावर पाटी घेऊन बगॅस वाहणाऱ्या मजुरापासून मी सुरुवात केली आणि भांडून-भांडून ठेकेदार झालो. मला कोणी हात धरून वर ओढलेलं नाही.

आग विझवणं म्हटलं की लोकांना लाल गाडी, घंटा आणि शिडी आठवते. माझ्या कामात ज्वाळा दिसली म्हणजे काम हुकलं. बगॅसची आग बाहेरून लागते तशी आतूनही लागते. बिडी, वेल्डिंगची ठिणगी, ट्रॅक्टरच्या धुराड्यातून उडालेला निखारा ही बाहेरची आग; ती पाळत ठेवून टाळता येते. आतली आग कोणी लावत नाही. बगॅस ओलसर असते, तिच्यात थोडी साखर उरलेली असते. ती दाबून रचली की आतल्या आत आंबते, तापते आणि ती ऊब बाहेर पडायला वाट नसते. आठवडेच्या आठवडे ती तशीच राहते. वरून ढीग थंड, शांत. आत खोलवर काळी पोकळी होत जाते आणि तिच्यावर हातभर जाडीचं छप्पर उरतं. त्या छपरावर पाय पडला की संपलं.

मी हे कसं ओळखायचो? लांब लोखंडी सळई ढिगात खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, ओढून काढायची आणि तिला तळहात लावायचा. हात टिकला तर ठीक. पण त्याच्याही आधी ढीग दोन गोष्टी सांगतो. थंडीत पहाटे सगळ्या ढिगावर दव पडतं, तापलेल्या जागेवर पडत नाही. पांढऱ्या ढिगावर तेवढाच एक काळसर डाग दिसतो. दुसरी गोष्ट कुत्र्यांची. गावातली कुत्री कडाक्याच्या थंडीत नेमकी त्याच जागी वेटोळं करून झोपतात. सकाळी ढिगाकडं बघायचं आणि कुत्री कुठं आहेत ते पाहायचं. तिथं सळई घालायची. कुत्री मेलेली मी कधी पाहिली नाहीत. जागा फार तापली की ती रात्रीतून उठून जातात आणि मग त्या डागावर काहीच नसतं. तो रिकामा डाग मला सगळ्यात वाईट दिसायचा.

एकदा ऊसतोडीच्या टोळीतल्या कोणाची तरी शेळी अशा जागी चढली. पुढचे दोन पाय आत गेले. ती ओरडली नाही, नुसती मान वर करून आमच्याकडं बघत राहिली. दोरीनं ओढून काढली तेव्हा गुडघ्यापर्यंत पाय शिजलेले होते. धूर नाही, ज्वाळा नाही, ढीग पुन्हा पहिल्यासारखा सपाट. त्या दिवशी माझ्या माणसांतले दोघे काम सोडून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

आता माणसांची गोष्ट. ऊसतोडीच्या टोळ्या लांबून येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बैलगाडीत ऊस भरून पहाटे गाडीतळावर नंबर लावायचा आणि वजनकाट्यापर्यंत पोचायला तास न् तास. अंगावर एक घोंगडं, नदीकाठचं धुकं, रात्रभराची जागरणं. समोर बगॅसचा ढीग आणि त्याच्यावर एक जागा छान उबदार. माणूस तिथंच जाऊन झोपतो. कुत्रं ज्या कारणानं जातं त्याच कारणानं माणूस जातो. फरक एवढाच की कुत्रं वेळेवर उठतं.

म्हणून हंगामभर रोज पहाटे मी ढिगाच्या कडेकडेनं चालायचो आणि ओरडायचो. माझी हाक ठरलेली होती. "उठा रं मुडद्यांनो! मरायचं तर घरला जाऊन मरा, माज्या ढिगावर न्हाई!" आणि त्याच्या मागोमाग जे काही सुचेल ते. बगॅसमधून डोकी वर यायची, मला उलट शिव्या द्यायची आणि घोंगडी झटकत उतरायची. मुलंसुद्धा गाडीतळावर माझी नक्कल करून हसायची. हाच तो तक्रारीचा विषय.

माझ्या शेवटच्या हंगामात थंडी फार होती. मुलीच्या सोयरिकीच्या बोलणीसाठी मी आदल्या दिवशी साताऱ्याला गेलो आणि तिथंच मुक्काम पडला. सोयरिकीची बोलणी म्हणजे माझा आवडता प्रांत. मी अर्धा दिवस भांडून समोरच्यांना जेरीस आणलं होतं. ढिगावर दगडूमामाला ठेवून गेलो होतो. दगडूमामा माझ्यापेक्षा वयानं मोठा, पाइप आणि पंप यांत हुशार, पण आवाज असा की शेजारच्याला ऐकू जाणार नाही. त्या पहाटे तो ढिगाच्या दुसऱ्या टोकाला पंप दुरुस्त करत बसला होता. हाक मारायला कोणी गेलं नाही.

मी सकाळी गेटात शिरलो आणि ढीग बघून जागीच थांबलो. वरच्या अंगाला, मधोमध, माणूस निजेल एवढी जागा खाली बसली होती. तिच्यातून वाफ येत होती. जोरात नाही, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखी, थांबून थांबून. दव नव्हतं. कुत्रीही नव्हती.

खाली एक बाई उभी होती. लक्कव्वा. जतकडच्या टोळीतली. तिचा नवरा बिरू पहाटे गाडी नंबरात लावून ढिगावर झोपायला गेला होता आणि परत आला नव्हता. बैल गाडीला तसेच जुंपलेले. टोळीचा मुकादम म्हणत होता की बिरू पळून गेला असेल, असे लोक पळतात. लक्कव्वानं मुकादमाचा फोन मागून घेतला आणि बिरूच्या नंबरला लावला. दोघांत मिळून एकच मोबाइल होता आणि तो बिरूजवळ असायचा.

फोन लागला. त्या क्षणाला गाडीतळावर कसा कोण जाणे आवाज नव्हता. बैल उभे, ट्रॅक्टर बंद. आणि ढिगाच्या पोटातून हलगी वाजायला लागली.

बिरूच्या फोनची रिंगटोन हलगीची होती. गाडीतळावर सगळ्यांना ती माहीत होती. पण आता ती बगॅसमधून येत होती, दबलेली, लांबच्या गावात जत्रा असावी तशी. वाजली, थांबली. लक्कव्वानं पुन्हा लावला. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा हलगी मध्येच तुटली आणि मग फोन लागेना.

कारखान्याचे यार्ड इंजिनिअर इनामदारसाहेब येऊन पोचले होते. शिकलेला माणूस, आपलं काम जाणणारा. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. त्यांचा बेत बरोबर होता. एरवी मीही तोच केला असता. ढिगाच्या चांगल्या भागापासून जळता भाग तोडायचा, मध्ये चर काढायचा, जळत्या भागावर वरून सावकाश पाणी सोडायचं, ओली माती टाकायची आणि त्याला आतल्या आत गुदमरू द्यायचं. असं केलं तर अर्ध्याहून अधिक ढीग वाचतो. उलट तापलेला ढीग फोडला की वारा आत शिरतो आणि जे आठवडाभर धुमसलं असतं ते एका तासात पेटतं. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

पण पाणी सोडलं की छप्पर भिजून जड होतं आणि पोकळीत बसतं. आत जे काही असेल त्याच्यावर.

लक्कव्वाला हे कोणी समजावलं नव्हतं, तरी तिला समजलं. ती साहेबांसमोर गेली आणि म्हणाली, "माज्या मानसाला भिजवू नगासा. भाईर काडा."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहराही उतरलेला होता. म्हणाले, आत माणूस असलाच तर त्या धुरात आता जिवंत नाही आणि नसलाच तर आपण सगळा ढीग घालवतोय. मी म्हणालो, मेलेला असला तरी ढीग फोडूनच काढायचा, चिखल करून नाही. ते म्हणाले, याची जबाबदारी कोण घेणार? वर काय सांगू मी?

मी आयुष्यभर सौदे केले. माझा एक नियम होता, पहिली बोली आपण लावायची नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, तो दमला की आपण बोलायचं. त्या सकाळी तो नियम मी मोडला. म्हणालो, "लोडर माझ्या हातात द्या. आत माणूस न्हाई निघाला तर उद्यापासनं माझं तोंड या गेटात दिसणार न्हाई."

साहेब म्हणाले, "ठरलं?"

"ठरलं."

इतक्या लवकर माझा सौदा कधी मिटला नव्हता.

वाऱ्याच्या बाजूनं लोडर घातला. वरून कोणालाही चढू दिलं नाही. एक एक बकेट बाहेर काढायची, मैदानात पसरायची, दगडूमामानं तिच्यावर पाणी मारायचं. लक्कव्वा प्रत्येक बकेटीजवळ जाऊन काळ्या भुशात बघायची आणि मान हलवायची. मी तिला हाकललं नाही. ढिगाचे आवाज येत होते. पोकळ्या ढासळतात तेव्हा तसे आवाज येतात, हे मी शंभर वेळा लोकांना समजावलं होतं. त्या दिवशी मला ते खोकल्यासारखे वाटले. लोडरचा ड्रायव्हर दोनदा इंजिन बंद करून ऐकत बसला. दुसऱ्यांदा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. कारण मलाही ऐकू येत होतं.

मग घोंगडं दिसलं. पोकळीच्या एका अंगाला, जळक्या बगॅसच्या ओट्यावर. खालची बाजू कोळसा झालेली. वरची बाजू जशीच्या तशी. माणूस निजेतून उठतो तेव्हा जसं एका कडेला सरकवतो तसं सरकवलेलं. त्याच्यात मोबाइल, वाकलेला. आणि माणूस नाही. आम्ही आजूबाजूला सगळं काढलं. हाड नाही, चप्पल नाही.

लक्कव्वा त्या घोंगड्याजवळ बसली. रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मग हाय कुटं?"

तेवढ्यात वारा फिरला आणि आत शिरला. ढीग पेटला. एवढी मोठी ज्वाळा मी पूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पंप, टँकर, शेजारच्या नगरपालिकेची लाल गाडी, सगळं आलं. कोणाला भाजलं नाही, कारण माणसं मी आधीच मागं घेतली होती. पण ढीग गेला. संध्याकाळपर्यंत मैदानात राख उरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या फोनवर जतहून फोन आला. बिरू घरी होता. ठणठणीत. चालत, मिळेल त्या ट्रकनं, टेम्पोनं घरी पोचला होता. बायकोला निरोप कोणाच्या नंबरवर द्यायचा हे त्याला आठवत नव्हतं. सगळे नंबर त्या वाकलेल्या फोनात. मुकादमाचा नंबर गावात कोणाकडं तरी मिळाला तेव्हा त्यानं फोन केला. गाडीतळ हसला. हसणारच. न मेलेल्या माणसासाठी मी आख्खा ढीग जाळला होता. एकटे इनामदारसाहेब हसले नाहीत. मी गेटावर सामान न्यायला गेलो तेव्हा ते समोर आले आणि एवढंच म्हणाले, "ठरल्याप्रमाणे."

ते हसले असते तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो. पण शब्द माझाच होता आणि त्यांनी तो मला मोजून परत दिला. बावीस हंगाम मी तो ढीग राखला होता, त्यातलं त्यांना काही आठवलं नाही. त्यांनी दुसरा ठेकेदार नेमला. ढिगाभोवती खांब पुरले, त्यांच्यावर लाउडस्पीकर बसवले. पहाटे त्यातून एका बाईचा गोड आवाज येतो: कृपया बगॅसच्या ढिगावर झोपू नये. ऐकून मलाच झोप येते.

वर्षभर मी धुमसत राहिलो. रागाचा कोळसा साहेबांपेक्षा बिरूवर जास्त होता. तो जिवंत होता याचा राग नाही, पण जाताना एका माणसाला सांगून गेला असता तर? पुढच्या हिवाळ्यात मी एसटीनं जतला गेलो. मनात शिव्यांची जुळवाजुळव करत गेलो, खोटं कशाला सांगू.

बिरू आता ऊसतोडीला जात नव्हता. मेंढरं राखत होता. गावाबाहेर माळावर घर, दारात पाण्याचं पिंप, टँकरची वाट बघणारे घागरींचे घोळके. त्याच्या आईनं कानडीत बसा म्हणून सांगितलं. लक्कव्वानं मला ओळखलं आणि पदर सावरून चहा ठेवला. बिरू मेंढरं वाड्यात घालून आला, मला बघून दारातच थबकला. मी त्याला बसूही दिलं नाही. माझं काय काय गेलं ते सगळं त्याच्या तोंडावर टाकलं आणि विचारलं की पळायचं होतं तर बायकोला का सांगितलं नाहीस.

तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आवं, तुमीच उठीवलं की मला."

"मी?"

"व्हय. उठ रं मुडद्या म्हणालासा. मरायचं तर घरला जाऊन मर म्हणालासा. तुमचा आवाज मला कळत न्हाई व्हय? मी उठलो तो तसाच निघालो. घोंगडं घ्यायचंबी सुचलं न्हाई. पाय थांबंनात. घर दिसल्यावर थांबलो."

मी त्याला सांगितलं की त्या पहाटे मी साताऱ्यात होतो. सोयऱ्यांच्या घरी, झोपेत. दगडूमामा पंपाशी होता. दुसऱ्या कोणी ओरडलं नाही, मी सगळ्यांना विचारलं होतं.

लक्कव्वानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग बिरू हळू आवाजात म्हणाला, "मलाबी तवा एक वंगाळ वाटलं. रोज तुमी कडेनं वरडता. त्या दिशी आवाज खालनं आला. कानाखालनं. मी उशाला हात लावून बगितला."

याचं शास्त्र मला सांगता येतं. वर्षानुवर्षं रोज तीच हाक ऐकली की कान झोपेतही ती ऐकतो. अंगाखालची ऊब चटका द्यायला लागली असेल, कानानं जुनी हाक उकरून काढली असेल. असंच झालं असणार. पण रोज ओरडलो ते मी आणि हजेरी नसताना माझं काम कोणी केलं हे मला अजून सांगता येत नाही.

मग माझ्यातला सौदेबाज जागा झाला. मी त्याला म्हणालो, तू एकदा चल. इनामदारसाहेबांसमोर हे सांग. माझी हाक नसती तर तू त्या पोकळीत गेला असतास, एवढंच सांग. बिरूनं बराच विचार केला.

"येतो," म्हणाला. "पर गेटाभाईर उभारून सांगीन. आत न्हाई यायचा."

लक्कव्वा चुलीपासून म्हणाली, "आन सायेब इचारतील, आवाज कुनाचा? मग काय सांगणार?"

तिचं बरोबर होतं. साहेबांना काय सांगायचं? की ठेकेदार साताऱ्यात झोपला होता आणि त्याचा आवाज ढिगाच्या पोटातून ओरडत होता? आधी ते मला तोंडाळ म्हणत होते, आता आणखी काहीतरी म्हणाले असते. मी चहा प्यालो, भाकरी आणि हुलग्याची आमटी खाल्ली आणि बिरूला न्यायचं नाव न काढता परत आलो. निघताना लक्कव्वानं माझ्या पायांना हात लावला. मला ते आवडलं नाही, पण मी पाय मागं घेतले नाहीत.

परवा पहाटे कारखान्याच्या गेटसमोर चहाला थांबलो होतो. हंगाम सुरू झालाय. नवा ढीग चांगला उंच आलाय, आमच्यापेक्षा जास्तच उंच. एवढा उंच रचू नये. धुकं जरा सरलं तसं सवयीनं मी कुत्री शोधली. दव सगळीकडं पांढरं होतं आणि मधोमध एक काळा डाग होता. त्याच्यावर कुत्री नव्हती.

लाउडस्पीकरवर बाई बोलत होत्या. कृपया झोपू नये.

मी कप ठेवला आणि गेटाबाहेरूनच हाक मारली. जुनीच, सगळी, मुडद्यांपासून ढिगापर्यंत. गेटावरचा पहारेकरी, पलटणीतून निवृत्त झालेला सुभेदार, माझ्याकडं वळून बघायला लागला. मी दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात ढिगाच्या बाजूनं तीच हाक परत आली. जरा उशिरा, जरा खालून. बॉयलरच्या भिंतीवर आपटून आली असेल. सुभेदारानंही ती ऐकली. तो बघत होता ते आता माझ्याकडं नव्हे, ढिगाकडं.

काळ्या डागातून दोन डोकी वर आली. दोघं घोंगडी ओढत, धडपडत खाली उतरले. त्यांतल्या एकानं धुक्यात माझ्या दिशेनं हात करून मला आईवरून सणसणीत शिवी घातली.

मी सुभेदाराला म्हणालो, यार्डात फोन लाव, त्या जागेत सळई घाला म्हणावं. आणि राहिलेला चहा प्यालो.